गव्हाणीतील गवत : घोड्याच्या चाऱ्याचा इतिहास आणि न्यायाचा एक प्रश्न

इतिहासाची पुस्तके घोड्याविषयी भरभरून बोलतात. त्याच्या चाऱ्याविषयी मात्र ती बहुधा मौन पाळतात. कोणत्या राजाचे घोडदळ किती हजारांचे होते, कोणत्या लढाईत कोणी किती कोस दौड मारली, याची नोंद आपल्याला सहज सापडते. त्या हजारो घोड्यांपुढे रोज संध्याकाळी काय टाकले जात होते, ते कोणी कापले, कोणी वाळवले, कोणी डोक्यावरून वाहून आणले, हे प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय नाही. वास्तविक ज्या दिवशी चारा संपतो त्या दिवशी घोडदळही संपते. ज्या समाजाला गवत टिकवून ठेवता आले, त्यालाच घोडा ठेवता आला. म्हणूनच गवत टिकवण्याच्या विद्येचा इतिहास हा वरवर क्षुल्लक वाटला तरी माणसाच्या संस्कृतीचा आणि माणसाच्या न्यायबुद्धीचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

आपल्या ख्रिस्ती घरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. संत लूक सांगतो की जगाच्या तारणाऱ्याला जन्मतःच गव्हाणीत ठेवण्यात आले. गव्हाण म्हणजे जनावराचे ताट. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो या गावी गव्हाण मांडली, तिच्यात गवत घातले, बैल व गाढव आणून उभे केले. घरोघरी गोठा सजवण्याच्या आपल्या प्रथेला तेथून बळ मिळाले. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार चेलानोचा थॉमस याने एक लक्षात राहण्यासारखी नोंद केली आहे. त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी जनावरांना ते खाऊ घातल्यावर ती बरी झाली, असे तो लिहितो. भक्तीचे गवतही अखेर जनावराच्या मुखी गेले, यात मोठे औचित्य आहे.

घोड्याचे पोट

घोडा आणि गाय दोघेही गवत खातात, पण दोघांच्या पोटांची रचना अगदी निराळी आहे. गाईला चार कप्प्यांचे पोट असते. खाल्लेले गवत पहिल्या कप्प्यात आंबते, ती ते पुन्हा तोंडात आणून रवंथ करते आणि सावकाश पचवते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि गवत आंबवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्यात, म्हणजे पचनाच्या शेवटच्या टप्प्यावर चालते. त्यामुळे त्याला थोडे थोडे, पण दिवसभर खात राहावे लागते. त्यातही एक मोठी अडचण अशी की घोड्याला ओकारी होत नाही. एकदा गिळलेला कुजका घास त्याला परत फेकता येत नाही. बुरशी लागलेला चारा पोटात गेला की पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ हा अनेकदा जीवघेणा ठरतो. गाय ज्या चाऱ्यावर निभावून नेईल, त्याच चाऱ्याने घोडा दगावू शकतो.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे. घोड्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के इतका कोरडा आहार लागतो, म्हणजे पाण्याचा अंश वजा जाता उरणारा. चारशे किलोच्या घोड्याला हा आहार सहा ते आठ किलो होतो. कष्टाचे काम करणाऱ्या घोड्याला नुसते गवत पुरत नाही. त्याला हरभरा, कुळीथ किंवा ओट यांची चंदी द्यावी लागते. पण चंदी कितीही दिली तरी गवताची जागा ती घेऊ शकत नाही. तंतुमय चारा हाच घोड्याच्या आतड्याचा आधार होय.

रानात गवत उभे असेपर्यंत अडचण नसते. प्रश्न येतो तो गवत नसलेल्या महिन्यांचा. युरोपात तो हिवाळ्याचा प्रश्न आहे, आपल्याकडे उन्हाळ्याचा आणि भर पावसाळ्यातल्या तळांचा. यावर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला, गवतातील पाणी काढून घेणे. दुसरा, गवताभोवतीची हवा काढून घेणे. वाळलेले गवत हा पहिल्या उपायाचा परिपाक, आणि मुरघास हा दुसऱ्याचा.

ऊन आणि पाऊस यांच्यामध्ये

गवत कापून उन्हात पसरायचे, उलटेपालटे करायचे, आणि त्यातील ओल सुमारे पंधरा टक्क्यांपर्यंत उतरली की गंजी रचायची, ही रीत अतिप्राचीन आहे. ती वाटते तितकी सोपी मात्र नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेल्ला याने बजावून ठेवले आहे की गवत फार वाळवले तर त्यातील कस जातो आणि ओले ठेवले तर ते कुजते. ओले गवत रचून ठेवले तर ते आतून तापते आणि पेटूही शकते, हेही त्याला माहीत होते. दोन हजार वर्षांनंतर विज्ञानाने यात फक्त कारणांची भर घातली आहे. ओलसर गवतात सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांच्या वाढीने उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर पडायला वाट न मिळाल्यास गंजीच्या पोटात आग धुमसू लागते.

आग न लागली तरी दुसरे संकट असतेच. अर्धवट वाळलेल्या गवतात बुरशी धरते. तिची सूक्ष्म बीजे धुळीसारखी उडतात आणि घोड्याच्या फुप्फुसांत शिरतात. मग घोडा खोकू लागतो, श्वास सोडताना त्याच्या बरगड्यांखालचे स्नायू ताणले जातात आणि धापेने तो निकामी होतो. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा धाप लागणाऱ्या एका घोडीच्या फुप्फुसांचे वर्णन त्याने त्यात केले. तो स्वतःही दमेकरी होता. घोड्याला होणारा हा विकार माणसालाही सोडत नाही. १९३२ साली कॅम्बेल नावाच्या डॉक्टरांनी वायव्य इंग्लंडमधील काही शेतमजुरांच्या आजाराची नोंद केली. पावसाळी हंगामातले बुरसटलेले गवत हाताळल्यानंतर त्यांना श्वास घेता येईनासा झाला होता. 'शेतकऱ्याचे फुप्फुस' या नावाने तो आजार पुढे वैद्यकशास्त्रात रूढ झाला. एकाच गंजीतील धूळ घोडाही ओढतो आणि त्याला चारा घालणारा मोतद्दारही ओढतो, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

उत्तर युरोपात ऊन हे बेभरवशाचे. जूनमध्ये गवत फुलोऱ्यावर येऊ लागते, त्या वेळी ते कसदार असते. पण कापल्यावर सलग चार-पाच दिवस कोरडे मिळतील याची शाश्वती तेथे नाही. १८७९ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये इतका पावसाळी गेला की गवताची आणि धान्याची दैना उडाली. त्याच सुमारास फ्रान्समधून एक नवी वार्ता आली. ऑग्यूस्त गोफार या जमीनदाराने हिरवा मका बारीक चिरून, खड्ड्यात दाबून, वरून हवा बंद करून महिनोन्‌महिने टिकवून दाखवला होता. १८७७ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात व अमेरिकेत त्या पद्धतीचा गाजावाजा झाला. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला 'मुरघास' तो हाच.

मुरघासात घडते ते असे. हवा कोंडली की चाऱ्यातील साखरेवर विशिष्ट जंतू काम करतात आणि आम्ल तयार होते, दह्यात होते तसे. त्या आम्लामुळे कुजवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी चारा टिकवण्याच्या या शास्त्रात मोलाची भर घातली आणि १९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गवताच्या गंजीला एवढा मोठा सन्मान त्यापूर्वी कधी लाभला नव्हता!

परंतु गाईसाठी उत्तम ठरलेला हा ओला, आंबट मुरघास घोड्याला मानवत नाही. यावर मध्यममार्ग निघाला तो 'हेलेज'चा. गवत कापून एक-दोन दिवस सुकू द्यायचे, पण पूर्ण वाळवायचे नाही. त्यात साधारण तीस ते पन्नास टक्के ओल उरली असतानाच त्याच्या घट्ट गासड्या बांधायच्या आणि प्लॅस्टिकच्या ताणपट्टीचे अनेक थर गुंडाळून हवा बंद करायची. असे गवत थोडेसेच आंबते. त्याचा टिकाऊपणा मुख्यतः हवाबंद असण्यावर अवलंबून असतो. त्यात धूळ जवळजवळ नसते, म्हणून दमेकरी घोड्याला ते वरदान ठरते. मोठ्या गासड्या बांधणारी यंत्रे १९७० च्या दशकात आली, गासड्या गुंडाळणारी यंत्रे १९८० च्या दशकात पसरली, आणि ब्रिटन, आयर्लंड व स्कँडिनेव्हिया येथील पागांमध्ये हेलेज घराघरांत पोचले.

त्यालाही दोष आहेतच. प्लॅस्टिकला उंदराने एक छिद्र पाडले की आत हवा शिरते आणि बुरशी धरते. कापताना माती किंवा एखादे मेलेले लहान जनावर गासडीत आले, तर हवाबंद स्थितीत बोट्युलिझमचे प्राणघातक विष तयार होऊ शकते, आणि घोडा या विषाला फार लवकर बळी पडतो. गासडी एकदा फोडली की चार-पाच दिवसांत संपवावी लागते. म्हणून एक-दोन घोडे असणाऱ्याला ती परवडत नाही. शिवाय त्यात पाणी अधिक असल्यामुळे वजनाचा हिशेब बदलतो. आठ किलो कोरडा आहार द्यायचा, तर वाळलेले गवत साडेनऊ किलोच्या आसपास पुरते. चाळीस टक्के ओल असलेले हेलेज मात्र तेरा किलोहून अधिक लागते. जुन्या सवयीने तितक्याच वजनाचे हेलेज टाकणारा मालक नकळत घोड्याला अर्धपोटी ठेवतो. उलट ज्या तट्टांना काम कमी, त्यांना कसदार हेलेजपेक्षा उशिरा कापलेले साधे वाळके गवतच हितकर. तात्पर्य, अमुक चारा श्रेष्ठ व तमुक कनिष्ठ असा सरसकट निवाडा येथे देता येत नाही. प्रदेशाचे हवामान, घोड्याचे काम, त्याची फुप्फुसे आणि मालकाची साठवण्याची सोय, या चार गोष्टी पाहूनच निवड करावी लागते.

कोकणातील गवत आणि महाराजांची चिंता

आपल्या कोकणात निसर्गाने वेगळाच पेच घातला आहे. येथे ऊन मुबलक, पण ते अवेळी. पावसाच्या बळावर वाढलेले गवत भाद्रपदाच्या सुमारास फुलोऱ्यावर येते, तेव्हा आभाळ भरलेले असते. त्या वेळी कापावे तर ते सडते. पाऊस ओसरून आश्विनाचे कडक ऊन पडते तोवर गवत पिकून जून झालेले असते आणि त्यातील कस झपाट्याने उतरलेला असतो. कुसळी गवत तर उशिरा कापले की त्याची टोकदार कुसळे जनावराच्या तोंडात रुततात. म्हणून जाणते लोक पवन्या, मारवेल, डोंगरी यांसारखी गवते पारखून ठेवीत आणि पाऊस ओसरताच कापणीची घाई करीत. भाताच्या पेंढ्यावर गाय-बैल निभावतात, पण घोड्याला पेंढा पोसत नाही. त्याला खरे गवतच हवे.

या पेचाची जाणीव असलेला एक असामान्य दस्तऐवज मराठीत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या आपल्या जुमलेदार-हवालदारांना एक पत्र पाठवले. ते रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी प्रसिद्ध आहे. भाषणांतून त्याचा उल्लेख वारंवार होतो, परंतु ते पत्र मुळात घोड्यांच्या दाण्याविषयी व गवताविषयी आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्याच्या बेगमीसाठी जमा केलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, उपाशी घोडी मरू लागतील, असा इशारा महाराज देतात. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी त्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि गांजलेली रयत म्हणेल की याहून मोगल बरे. पुढे महाराज अगदी घरच्या कर्त्या माणसासारखे बारीक गोष्टींत शिरतात. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री जळता राहिलेला दिवा असेल तर त्याची वात उंदीर पळवील, आणि गवताच्या गंज्या भस्मसात होतील. एकदा गवत गेले की मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी ते परत येणार नाही.

या पत्रात राजनीतीचे एक मोठे तत्त्व दडले आहे. घोड्याच्या चाऱ्याची व्यवस्था ढासळली की तिचा भार आपोआप दुबळ्यांवर येतो. गवताची उधळपट्टी हा केवळ गैरकारभार नव्हे, तो अन्याय आहे. कारण उधळणारा एक असतो आणि भरपाई करणारा दुसराच. महाराजांनी चाऱ्याच्या गंजीकडे पाहताना गंजीपलीकडचा कुणबी पाहिला. पुढच्या काळात ही दृष्टी किती टिकली, हे आता पाहू.

मुंबईचे घोडे, डोंगरचे कापे

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली ती घोड्यांच्या पायांवर. ९ मे १८७४ रोजी बॉम्बे ट्रामवे कंपनीने घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू केल्या, तेव्हा तिच्याकडे २० गाड्या आणि २०० घोडे होते. १९०५ साली कंपनीचा कारभार संपला त्या वेळी गाड्या ९० झाल्या होत्या आणि घोड्यांची संख्या १,३६० वर गेली होती. विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ साली. एवढ्या घोड्यांना प्रत्येकी आठ किलो आहार जरी धरला तरी रोजची गरज जवळजवळ अकरा टन होते, वर्षाची सुमारे चार हजार टन. यात व्हिक्टोरिया गाड्यांची घोडी नाहीत, श्रीमंतांच्या बग्ग्यांची नाहीत, १८८३ साली महालक्ष्मीला आलेल्या शर्यतींची नाहीत, लष्कराची नाहीत. दुधाच्या तबेल्यांतील म्हशी तर आणखी निराळ्या.

हे गवत कोठून येणार? ते आले मुख्यतः आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रानांतून. १८६४ साली बी.बी. अँड सी.आय. रेल्वे मुंबईपर्यंत पोचली आणि पालघर, डहाणू, उंबरगाव हा पट्टा मुंबईच्या दाराशी आला. गवत हे हलके पण जागा खाणारे. ते दाबयंत्रात दाबून, गासड्या बांधून रेल्वेने पाठवता येऊ लागले तसा त्याचा धंदा वाढला. वरकस जमिनीला गवतामुळे भाव आला. जमीनदार, सावकार आणि गवताचे व्यापारी यांचे हितसंबंध एकत्र गुंफले गेले. आणि आश्विनाच्या उन्हात विळा घेऊन ते गवत कापणारा होता तो वारली, जो एके काळी त्याच जमिनी कसत होता.

त्याची स्थिती कशी होती? कर्जाच्या फासात अडकलेला, वेठीला जुंपलेला, लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी नवराबायको दोघांनीही मालकाच्या दारी राबायचे अशा 'लग्नगड्या'च्या प्रथेत बांधलेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारी चौकशी केली, तेव्हा त्यानेही आदिवासींच्या पिळवणुकीचे विदारक चित्र सरकारपुढे मांडले. अहवाल लिहिला गेला, परंतु डोंगरावरचे कापे होते तेथेच राहिले.

१९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांना संघटित केले. त्या वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. पावसाळा सरला, गवत कापणीला आले, आणि वारल्यांनी मजुरीची मागणी पुढे केली : पाचशे पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये. मागणी मान्य झाली नाही तेव्हा त्यांनी विळे खाली ठेवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. त्यांतील जेठ्या गांगड याचे नाव त्या भागात आजही आदराने घेतले जाते. गोदावरीबाईंनी या लढ्याची कहाणी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिली आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या मागणीचा हिशेब एकदा मांडून पाहू. पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. एका घोड्याला रोज वीस पौंड गवत धरले तर हे गवत पंचवीस दिवस पुरते. म्हणजे शहरातील एका घोड्याचे पंचवीस दिवसांचे गवत कापून दिल्याबद्दल अडीच रुपये, दिवसाकाठी दीड आण्याच्या आसपास. एवढ्या मागणीसाठी माणसांना गोळ्या खाव्या लागल्या. घोड्याच्या गव्हाणीत गवत वेळेवर पडावे म्हणून सगळी यंत्रणा दक्ष होती. गवत कापणाऱ्याच्या ताटात काय पडते हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

आपल्यापैकी काही वाचकांना वाटेल की हा लाल झेंड्याचा लढा, त्याचा येथे गौरव कशाला? भौतिकवादी तत्त्वज्ञानाशी ख्रिस्तसभेचे मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण मागणी न्याय्य आहे की नाही, हे झेंड्याच्या रंगावरून ठरत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात स्पष्ट केले की मजुरी ही केवळ सौद्याची बाब नाही. मजूर आणि त्याचे कुटुंब यांचा निर्वाह होईल इतका मोबदला हा न्यायाचा भाग आहे. त्याहीपूर्वी, पहिल्या शतकात, संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना खडसावले आहे. शेते कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोचतो, असा त्या वचनाचा आशय आहे. विळा हाती घेतलेल्या मजुराविषयी इतके थेट बोलणारे शास्त्रवचन समोर असताना, तलवाड्याच्या माळरानावरचा आक्रोश आपल्याला परका वाटावा, हे ख्रिस्ती मनाला शोभत नाही. परुळेकर दांपत्याने जे पाहिले, ते वर्षानुवर्षे बायबल वाचणाऱ्यांनीही पाहायला हवे होते.

जगाच्या पाठीवर

गवतामागचा हिशेब केवळ ठाणे जिल्ह्यापुरता नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने फ्रान्समधील आघाडीकडे जो माल पाठवला, त्यात घोडे-खेचरांचा चारा ५४ लाख टनांहून अधिक होता. दारूगोळा होता ५२ लाख टनांच्या घरात. तोफांच्या तोंडी जितके लोखंड गेले त्याहून अधिक वजन मुक्या जनावरांच्या तोंडी गेले, आणि ती जनावरेही त्या चिखलात लाखोंनी मेली. गवताची गंजी शांततेचे प्रतीक मानली जाते, परंतु साम्राज्ये आणि युद्धे तिच्याच आधारावर चालली, हेही सत्य आहे.

पुढे मोटार आली, विजेची गाडी आली आणि घोडा रस्त्यावरून हटला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. माथेरानसारख्या ठिकाणी, शर्यतींच्या पागांत, पुण्याच्या आसपासच्या अश्वपैदास केंद्रांत आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा अजून भेटतो. महाराष्ट्रात मक्याच्या मुरघासाच्या पिशव्या आता गावोगावी दिसतात. दुभत्या गाईंसाठी ती मोठीच सोय झाली आहे. ज्यांच्या घरी गाय आणि घोडा दोन्ही आहेत, त्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे की गाईची पिशवी घोड्यापुढे ओतायची नसते. घोड्यासाठी चारा निवडताना तो हुंगून पाहावा, झटकून पाहावा. धूळ उडाली वा कुबट वास आला तर तो नाकारावा. थोडी धूळ असलेले गवत पाण्यात भिजवून देण्याचीही रीत आहे. बुरशी मात्र कोणत्याही उपायाने शुद्ध होत नाही.

हेलेजच्या सोयीबरोबर प्लॅस्टिकचे ढीगही आले. आपल्याकडे दुसरे संकट आहे ते वणव्याचे. जे गवत कापून चारा झाले असते, ते डोंगरावर जळून जाते आणि त्यासोबत रोपे, पाखरांची घरटी व मातीचा कसही जळतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घराच्या अंगणातले गवत कोणाचे, ते कोणी कापायचे आणि त्याचा मोबदला कोणाला मिळायचा, हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. आज घोड्याच्या गवताच्या जागी शहराला लागणारे दूध आहे, वाळू आहे, वीट आहे, धरणाचे पाणी आहे. तलासरी-डहाणूकडून पहाटेच्या गाडीने येणारा मजूर त्याच वाटेने येतो, ज्या वाटेने एके काळी गवताच्या गासड्या येत होत्या.

शास्त्रात माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा दिलेली आहे, ती त्याची क्षणभंगुरता सांगण्यासाठी. पण गवताचा हा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. क्षणभंगुर गवतालाही माणसाने जपले, उन्हात वाळवले, हवेपासून राखले, दोन हजार वर्षे त्यासाठी विद्या शोधली, नोबेल पारितोषिके दिली. ज्या काळजीने गवत राखले, तीच काळजी गवत कापणाऱ्या हाताला मिळाली असती तर इतिहासाची कितीतरी पाने रक्ताने माखली नसती. येत्या नाताळात आपण गोठ्यात गवत अंथरू तेव्हा एवढे आठवावे की बाळ येशू ज्या गवतावर निजला, तेही कोणीतरी कापले होते. त्या कापणाऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही. आपल्या अंगणात, शेतात, घरकामात राबणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक आहेत. त्यांची मजुरी सण येण्यापूर्वी, पुरती आणि मानाने त्यांच्या हाती पडली, तर त्या गव्हाणीपुढे गुडघे टेकण्याचा अधिकार आपण मिळवला, असे म्हणता येईल.